चौघांच्या वर्गाचे मृत्युपत्र, लिहिणारी एकटी

मी, खाली सही करणारी दिपाली भागवत पोले, वय सोळा, धंदा शिक्षण, राहणार याच गावची, आमच्या हायस्कूलच्या इयत्ता दहावीच्या वतीने लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरण चांगले आहे (इतिहासाच्या सनावळ्या सोडून) आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. चव्हाण सर "लांबवू नका, मुलांनो" म्हणाले, तो धाक धरलेला नाही.

आमच्या शाळेची रीत अशी की निरोप समारंभाला दहावीचा वर्ग आपली मालमत्ता नववीला वाटून देतो. एकाने लिहायचे, वर्गातल्या दोघांनी साक्षीला राहायचे आणि प्रत्येक वाटणीला नववीने "कबूल" म्हणून ओरडायचे. आमच्या वर्गाच्या हजेरीत चार नावे आहेत : अंगद, शिवप्रसाद, मोहिनी आणि मी. अंगद जूनपासून हिंगोलीत खोली करून क्लासला जातो. नाव इथे, तो तिथे. शिवप्रसाद दिवाळीत मामाकडे पुण्याला गेला आणि तिथेच नळफिटिंगच्या कामाला लागला. परीक्षेपुरता येणार आहे. मोहिनीच्या घरची मेंढरे दरवर्षी गोदावरीकडे चरायला जातात. एरवी ती आजीजवळ राहायची. यंदा तिच्या आईचे गुडघे धरले, म्हणून आईच्या जागी ती गेली.

तेव्हापासून दहावीचा वर्ग म्हणजे मी. पूर्वपरीक्षेत मी पहिली आले आणि शेवटचीही.

कलम १. खिडकीजवळचा बाक नववीला. त्याचा एक पाय आखूड आहे, खाली खापरी सरकवावी लागते. खापरी ठेवून जात आहे. या बाकावरून फाट्यावर थांबलेली एसटी दिसते. कोण उतरले ते दिसत नाही, तरी बघत बसायची सवय लागते. ती सवय घेऊ नये.

कलम २. शिवप्रसादची विद्या नववीतल्या सेवाला. गणिताचा तास नको असेल तेव्हा हात वर करून विचारायचे, "सर, सिद्धेश्वरच्या धरणात तुमी पोहून गेलता ते खरं व्हय?" अर्धा तास निवांत. सर एकदा त्या पाण्यात उतरले की घंटा झाल्याशिवाय बाहेर येत नाहीत. सर, आम्ही मुद्दाम विचारतो हे तुम्हाला ठाऊक होते. मी एकटी उरल्यावर एकदा विचारून पाहिले. सरांनी माझ्याकडे पाहिले, खडू खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगितले. सेवा, हे हत्यार जपून वापर.

कलम ३. अंगदचे 'तहसीलदार' हे नाव कोणाला द्यायचे, ते नववीने ठरवावे. अट एवढीच की त्याच्या शर्टाला रोज इस्त्री असावी आणि खिशात दोन पेन, त्यातले एक न चालणारे. अंगदवरचा राग मात्र मी वाटणीत धरलेला नाही. पोळ्याला तो गावात आला होता. मला म्हणाला, "अजून त्याच शाळेत हायस का?" जणू मी कुठे जायची विसरले होते. मी म्हणाले, "तुजं बी नाव त्याच शाळेत हाय, साहेब." तो हसला आणि गेला. हा राग माझ्याकडेच राहील, निदान निकाल लागेपर्यंत.

कलम ४. फळ्यावर सुविचार लिहिण्याचा मान नववीच्या सगळ्यांना. आमची पाळी ठरलेली होती आणि सुविचाराखाली लिहिणाऱ्याचे नाव टाकायचे असे. सगळे गेल्यावरही मी पाळी मोडली नाही. शिवप्रसादच्या दिवशी शिवप्रसादचे नाव, मोहिनीच्या दिवशी मोहिनीचे. अक्षर एकच, हे सरांना दिसत होते. हजेरी घेताना तेही चारही नावे घेतात, प्रत्येक नावानंतर थोडे थांबतात, आणि शिकवायला लागले की अजून "मुलांनो" म्हणतात. त्या एका शब्दाबद्दल दहावीचा वर्ग सरांचा आभारी आहे.

कलम ५. आठवीतली नरसीची सहल वाटता येत नाही. तेव्हा वर्ग भरलेला होता. आम्ही सायकलींवर गेलो. देवळाबाहेर मोहिनीची चप्पल हरवली आणि परत येताना तिने शिवप्रसादचे बूट घातले. शिवप्रसाद अनवाणी सायकल मारत ओरडत होता, "मोहे, बूट परत दे, न्हाईतर तुज्या बकरीला घालतो!" ती म्हणाली, "माज्या बकरीला चार लागतेत, तुजे दोनच हायेत." ज्यांना हे आठवते, त्यांच्याकडे ते आहे. ज्यांना आठवत नाही, त्यांना देऊन उपयोग नाही.

कलम ६. मोहिनीची शिट्टी. दोन बोटे तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की पटांगणातल्या खो-खोच्या पोरी आणि माळावरची मेंढरे एकदमच माना वर करायची. हे कलम तिला विचारून लिहिले आहे. परवा तिचा फोन आला.

"दिपे, आवाज येऊन राहिला का?"

"मेंढरांचा येऊन राहिला. तू कुठंस?"

"त्याहीच्या मागं! मृत्युपत्रात माजं काय लिवलं?"

"काहीच न्हाई. तू ये, मग लिवते."

"पेपरला येते की. मामा आणून घालणार हाय. पेपर झाले की परत."

मी विचारले, "आन् अकरावी?"

पलीकडे नुसती मेंढरे ऐकू आली. मग ती म्हणाली, "न्हाई जमायचं, दिपे. आईला उठता येईना. दादा म्हणतेत, एक वरीस थांब. मला म्हाईत हाय, एक वरीस म्हंजे काय." मी नाक ओढले तेव्हा तीच म्हणाली, "काहून रडून राहिली? मी मेले का? माजी शिट्टी लिही. जिला जमंल तिला."

तर नववीच्या मुलींपैकी जिला जमेल तिला. मी प्रयत्न केला. नुसती हवा येते.

कलम ७. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्यावाचून पुढचे कलम समजणार नाही.

आमच्या गावात शाळा दहावीपर्यंत. अकरावी सेनगावला. त्यासाठी हळदीच्या वावरांमधून फाट्यापर्यंत चालत जायचे आणि एसटी धरायची. आमच्या बाबांनी दिवाळीला सांगून ठेवले होते, "मोहिनी जाणार असंल तर तू बी जा. जोडी पायजे." मला ती अट कधी अट वाटलीच नाही, कारण पाचवीपासून मोहिनीवाचून मी कुठे गेले नव्हते.

फोन झाल्यावर मी बाबांना खरे ते सांगितले. ते हळद शिजवून आले होते, हात धूत होते.

"मंग राहू दे, माय," ते म्हणाले. "एकलीनं न्हाई जायचं."

"बाबा, वर्गात बी एकलीच बसले की."

"वर्गाला दार असतं. रस्त्याला असतं का?"

आई म्हणाली, "बसमधी मान्सं असतेत." बाबा म्हणाले, "तेच तर म्हणून राहिलो." ते मला अडवतात ते रागाने नाही, हे मला कळते. म्हणूनच भांडता येत नाही.

म्हणून इथे, पूर्ण शुद्धीवर, लिहून ठेवते : जूनमध्ये मी सेनगावला जाणार. जोडी नसली तरी जाणार.

कलम ८. नववीत कोमल आहे. परवा पाण्याच्या टाकीजवळ तिने मला विचारले, "दिपाताई, तू जाणार हायस ना? आमच्या घरी म्हणतेत, पोले पाटलाची पोरगी गेली तर बघू." मी हो म्हणाले. तेव्हा ते खरे नव्हते.

तर कोमलला मी पुढच्या वर्षीची जोडी देते. म्हणजे मी. तिची अकरावी तेव्हा माझी बारावी. फाट्यापर्यंत बरोबर चालेन, बसमध्ये खिडकी तिला देईन. ज्या घरात "जोडी पायजे" म्हणतील तिथे येऊन मी स्वतः उभी राहीन. पण त्यासाठी आधीचे एक वर्ष मला एकटीने जाणे भाग आहे. ते वर्ष मी कोणाला देत नाही, ते माझ्या वाट्याचे आहे.

दहावीच्या वर्गाकडे याहून जास्त काही नाही. असते तर दिले असते. उद्यापासून दहावीच्या खोलीला कुलूप लागेल. जून उजाडला की नववीने ते उघडावे आणि मोठ्याने बोलावे. तिथे आवाज फार घुमतो.

हे सारे मी माझ्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, आणि त्यात फिरवायचे काही राहिले नाही.

दिपाली भागवत पोले
इयत्ता दहावीच्या वतीने

ठिकाण : दहावीची खोली, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार (वर्गात दुसरे कोणी हजर नसल्यामुळे रीत थोडी वाकवली आहे) :

१. मोहिनी ग्यानबा गडदे. फोनवर सगळे वाचून दाखवले. "कबूल" म्हणाली. कलम सात पुन्हा एकदा वाचायला लावले. सही पेपरला आल्यावर करणार.

२. भागवत नामाजी पोले. सही केली. कागदावर लागलेला पिवळा डाग हळदीचा आहे, तो खाडाखोड धरू नये. सहीखालचा मजकूर त्यांच्या हातचा :

"वाचलं म्हणून सही केली. कलम सातला व्हय म्हणलो असं कोणी धरू नये. सकाळच्या बसला कोण कोण असतं ते उद्या फाट्यावर जाऊन बघून येतो. मंग बोलू."