जास्वंदीवरचा तांबेरा

बदनापूर, १९ जानेवारी १९९४

बाबांनी परसातल्या जास्वंदीचं चित्र काढलं, त्या परदेशी चित्रकारांसारखं, नुसत्या ठिपक्यांचं. आज विचारलं, "कसं झालं गं?" मी संशोधन केंद्रात दिवसभर रोगट पानंच बघते. जवळ जाऊन म्हटलं, "पानांवर तांबेरा पडलाय."

"तांबेरा न्हाई, ऊन हाय ते!"

"लेकीला दाखवलं, मंग फवारणीच सांगणार ती," आई म्हणाली.

बाबा हसले नाहीत. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं, रंगांचा डबा माळ्यावर टाकला आणि फिरायला गेले. एवढं मनाला लावून घ्यायचं? पण विचारलं मलाच होतं. आणि नारिंगी ठिपके नारिंगीच होते.

चित्र सरळ केलं. दारात उभी राहून चष्मा पुसताना सहज चित्राकडे नजर गेली, तर त्यात परसातलं सकाळचं ऊन, जास्वंदीमागे आईची वाळत घातलेली साडी. चष्मा लावला, तांबेरा. काढला, ऊन.

हे बाबांना सांगणं मला जमायचं नाही. डबा खाली काढला. बैठकीत मी चित्रासाठी पट्टीनं मोजून खिळा ठोकत होते, तेवढ्यात बाबा आलेच.

"काय करून राह्यली?"

"फवारणीची गरज नाही," मी म्हटलं.