हिरव्या नानीची कवळी

१ जानेवारी २००३, बुधवार

माझ्या मुलाच्या, मृत्युंजयच्या, वर्कशॉपला बेअरिंगवाल्यांनी नव्या वर्षाची डायरी दिली. त्याला नको होती. मी ठेवून घेतली. मी सांगायचं, सुनेनं लिहायचं. बारावी शिकलेली सून घरात आहे, तिचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. सुष्मिता मला, सासूला, अत्ती म्हणते. तिने विचारलं, अत्ती, हे वाचणार कोण? म्हटलं, कुणी नाही. मीसुद्धा नाही, मला येतच नाही. म्हणून तर मोकळं बोलता येतं.

मी न्हाय म्हटलं की ती नाही लिहिते. असू दे. दुसऱ्याचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिही म्हटलंय.

यंदाचा संकल्प: घरातलं ते कार्टून बंद करायचं. याच महिन्यात.

५ जानेवारी, रविवार

संध्याकाळी परत लागलं. तारा गॅरेज. परदेशातलं आहे, पण हिंदी बोलतं. आकाशात एक गॅरेज, तिथे उडत्या गाड्या रिपेरीला येतात. मालक बिनकामाचा. त्याचा लोखंडी नोकर जुनं ऑइल पितो आणि ढेकर देतो. मालकाची आई हिरवीगार. चार हात, तोंडातून सारखी लाळ. तिला सगळे नानी म्हणतात. ती दिवसभर बोलते आणि घरात कुणी ऐकत नाही. यात हसण्यासारखं काय आहे मला कळलेलं नाही. बघून अन्नावरची वासना उडते.

मी बघत नाही. टीव्हीकडे पाठ करून शेंगा फोडत बसते. समोर शोकेस आहे, त्याच्या काचेत थोडं दिसतं. त्याला मी काय करणार.

नजीरा मात्र तोंड करून बसते. समोरच्या दारातली. मी लग्न होऊन मंगळवार पेठेत आले तेव्हापासूनची. त्यांच्याकडे केबल नाही म्हणून नातवाला, अझहरला, घेऊन येते. आली की पहिली कवळी काढते, आमच्या ग्लासात ठेवते, आणि टीव्हीकडे टक लावते. शिसारी येते. तो ग्लास मी वेगळा ठेवला आहे, दुसरा कुणी वापरला तर मी ओरडते.

माझे दात माझेच आहेत. जेवढे आहेत तेवढे सगळे.

७ जानेवारी, मंगळवार

केबलवाल्याला बोलावून घेतलं. म्हटलं, हे चॅनल तोड. तो म्हणाला, आज्जी, एकटं चॅनल तुटत न्हाय. मग चहा प्याला, खुर्चीवर चढला, वायरीचा जोड बदलला आणि चित्र स्वच्छ करून गेला. जाताना विचारतो, नानी आवडती न्हवं तुम्हास्नी?

आता ती लाळ थेंब न थेंब दिसते. काचेतसुद्धा.

१२ जानेवारी, रविवार

आज घाणीचा कळस झाला. गॅरेजचा मोठा पान्हा आकाशातल्या एका काळ्या बिळात पडला. पान्ह्याशिवाय धंदा बंद. मुलगा घाबरून पलंगाखाली. शेवटी नानीच मोडक्या गाडीत बसली आणि बिळात गेली. सगळीकडे काळोख. मग काळोखातून फक्त तिची कवळी उडत आली आणि गॅरेजच्या फाटकाला चिकटली. संपलं. नवा भाग सव्वीस तारखेला.

माझी पाठ होती म्हणून मला एवढंच कळलं.

पोरांनी घर डोक्यावर घेतलं. आमचा नातू संगमेश म्हणाला, नानी गेली. अझहर म्हणाला, जात्या कशी, कवळी हसत हुती की. मी बघतच नाही, तेव्हा मला बोलायचं कारण नव्हतं. पण खोटं कानाला सहन होत नाही. म्हटलं, माणूस गेलं की दात काढून ठेवतात. सासऱ्यांचे मी या हातांनी काढलेत. विषय संपला.

नजीरा म्हणाली, झोपताना बी काढत्यात की, निलव्वा.

मी म्हटलं, एकदा दात बाहेर आले की माणसात राहिलं काय?

ग्लास मधेच होता. सुष्मिता माझ्याकडे बघत राहिली. नजीराने ग्लास उचलला, मोरीत जाऊन कवळी धुतली, बसवली, आणि एक शब्द न बोलता निघून गेली. चहासुद्धा न घेता.

मी सासऱ्यांबद्दल बोलत होते. ज्याला लागून घ्यायचं त्याने घ्यावं.

१३ जानेवारी, सोमवार

नजीराचं दार लोटलेलं. नळावर तिची सून आली, ती नाही. एवढा ताठा.

अझहर सकाळी आला आणि म्हणाला, आज्जी, आमची दादी... तिथेच थांबवला. ती स्वतः या उंबऱ्यावर येईपर्यंत तिचं नाव या घरात निघणार नाही. सुष्मिताही काहीतरी सांगायला लागली. तिलाही तोच नियम. म्हटलं, तू लिहायचं काम कर.

संकल्प: पहिली बोलणार ती. दोन दिवस टिकली तर खूप.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगुळाला सगळी गल्ली येऊन गेली. ती आली नाही. वर्षाच्या सणाला नाही म्हणजे बघा.

थोड्या वड्या मऊ केल्या होत्या, शेंगदाण्याचं कूट न घालता. कूट कवळीत अडकतं. तिच्यासाठी नाही केल्या. झाल्या आपोआप. डब्यात बाजूला ठेवल्या आहेत. संगमेशने हात घातला, त्याला फटका दिला.

१६ जानेवारी, गुरुवार

आमच्या दारातल्या कट्ट्यावर पोरांची सभा. अभ्यास सोडून. एका बाजूला नानी गेली म्हणणारे, दुसऱ्या बाजूला हाय म्हणणारे. निवडणुकीत एवढा जोर नसतो.

संगमेशने पुस्तक आणलं. म्हणाला, ब्लॅक होलमधनं लाईट बी परत येत न्हाय, हितं छापलंय. अझहर म्हणाला, आपल्या गल्लीतली लाईट रोज जाती आन् रोज येती, पुस्तकवाल्याला काय म्हाईत. मृत्युंजय वर्कशॉपवरून आला, स्कूटर लावता लावता म्हणाला, त्या गाडीला रिव्हर्स गियरच न्हाय, म्हातारी येणार कशी? चाळिशीचा माणूस. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं.

मी आतून फक्त एवढंच सांगितलं की जिच्या डाव्या गालावर असा मस असतो ती बाई जास्त जगत नाही. पोरं म्हणाली, आज्जी, मस उजव्या गालावर हाय. मग एकमेकांकडे बघून हसली. आगाऊ.

अझहरचा शर्ट बिनइस्त्रीचा होता. माझ्यावरचा राग पोरावर काढते आहे.

१८ जानेवारी, शनिवार

विचार करून ठरवलं. सोमवारी अय्यांना जेवायला घालायचं. अय्या म्हणजे आमचे लिंगायतांचे गुरू, जंगम. घरातलं माणूस गेलं की त्यांचे पाय धुवायचे, त्यांना जेवू घालायचं, म्हणजे गेलेलं माणूस सुखाने पुढे जातं.

सुष्मिताने विचारलं, कोण गेलंय? म्हटलं, आहे एक. जिच्या मुलाला पलंगाखालून बाहेर यायची लाज वाटली नाही. जिच्या नावाने त्या घरात कुणी दिवा लावला नाही. पाव खात बसलेत सगळे. अशा घराचा मला तिटकारा आहे. कुणीतरी करायला नको का?

शिवाय, एकदा अय्या जेवून गेले की बाई गेली हे पक्कं होतं. मग समोरच्या दाराला बोलायला जागा राहत नाही. येईल मुकाट्याने. हे लिहू नको म्हटलं तर सुष्मिता म्हणते लिहून झालं.

१९ जानेवारी, रविवार

जुनाच भाग परत दाखवला. काचेत नीट बघून घेतलं. मुलगा पलंगाखालीच आहे. माझा निर्णय बरोबर आहे.

नजीराच्या जागेवर संगमेश पाय पसरून बसला होता. उठवला.

२० जानेवारी, सोमवार

अय्या आले. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती, वर तूप. पाय धुतले, विभूती लावली, सगळं रीतसर. समोरच्या दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी सुष्मिताला हाका मारत होते.

अय्यांनी विचारलं, कुणाच्या नावानं? म्हटलं, नात्यातली. लांबची. त्यांनी विचारलं, किती लांबची? म्हटलं, फार लांबची. गाव विचारलं, मी तूप वाढलं. वय विचारलं, तेव्हा संगमेश दारातून ओरडला, तीनशे वर्सं.

अय्यांनी तिसऱ्यांदा हुग्गी घेतली. शांतपणे जेवले. हात धुताना हळूच म्हणाले, आव्वा, हिरवी का हो ही बाई? मी हात पुसायला पंचा पुढे केला. ते म्हणाले, आमच्या नातवंडांत बी हाच वाद हाय. पर परवाच्या जाहिरातीत बिळातनं एक हात दिसला म्हणं. चारातला एक.

हे जेवणाआधी सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं. म्हणाले, हुग्गीचा वास लई चांगला सुटला हुता.

त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बाकी काही बोलत नाही.

समोरचं दार उघडलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

डबा उघडून बघितला. वड्या घट्ट झाल्या.

अझहर परत म्हणाला, आज्जी, एकदा ऐका तर. नियम म्हणजे नियम.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या सगळ्यांना आमच्याकडेच बोलावलं आहे. काय तो निकाल चारचौघांत लागू दे. हात दिसला तर दिसला. माणूस गेल्यावरही हात वर असतो कधीकधी. उद्या कवळीचा विषय मिटला की मी मोठ्या मनाने डबा घेऊन समोर जाईन. आणि म्हणेन, जाऊ दे नजीरा, झालं गेलं.

काय बोलायचं ते दोनदा म्हणून बघितलं. चांगलं वाटलं.

२६ जानेवारी, रविवार

आली.

बिळातून बाहेर आली. ओली, हिरवी, बोळकी, एका हातात पान्हा. आधी कवळी मागितली. फाटकावरची काढून, पदराला पुसून तोंडात घातली. तशीच. मग मुलाला पलंगाखालून ओढला आणि उरलेल्या तीन हातांनी मारला.

अझहर नाचला. कट्ट्यावरच्या पोरांनी थाळी वाजवली. मृत्युंजय म्हणत राहिला, पर रिव्हर्स गियर कुठं दाखवला? त्याला कुणी विचारलं नाही. संगमेश म्हणाला, आज्जी, आता अय्यांची हुग्गी परत घेणार व्हय? सगळं घर हसलं. सुष्मिता पदर तोंडाला लावून हसली, हेही लिही म्हटलं.

मी तयार होऊन बसले. म्हटलं आता ती येणार, दारात उभी राहणार, कवळी दाखवून हसणार. काय उत्तर द्यायचं ते ठरवून ठेवलं होतं.

आली नाही. जिंकूनसुद्धा येत नाही. एवढी अढी धरली म्हणजे मी दातांबद्दल बोलले ते...

हे अर्धंच ठेव.

२८ जानेवारी, मंगळवार

दुपारी दारात मेथी निवडत बसले होते. रिक्षा थांबली. गाठोडं घेऊन नजीरा उतरली आणि स्वतःच्या घरी न जाता माझ्या उंबऱ्यावर आली. म्हणाली, निलव्वा, चा टाक. हुपरीची गाडी हाडं खिळखिळी करत्या.

मी तोंड फिरवून बसले. ती आत जाऊन आपल्या जागेवर बसली. म्हणाली, सुहानाला पोरगा झाला. दोघं बरी हायत.

सुहाना म्हणजे अझहरची थोरली बहीण, हुपरीला दिलेली. तिचे दिवस भरत आल्याचा निरोप कवळीवरून झालं त्याच रविवारी आला होता. सोमवारी पहाटेच्या गाडीने नजीरा गेली. जाताना सुष्मिताला सांगून गेली. अझहरला बजावून गेली की आज्जीला सांग.

मी सुष्मिताकडे बघितलं. ती चहाकडे बघत होती. म्हणाली, अत्ती, मी लिहायचं काम करत होते.

नजीराला विचारलं, मग त्या दिवशी एक शब्द न बोलता का गेलीस? म्हणाली, कवळी हिरडीला लागत हुती, बोलू कशी? आन् गाठोडं बांधायचं हुतं.

मी मन घट्ट केलं. म्हटलं, तुझंच खरं झालं. नानी आली परत.

तिने विचारलं, कुठली नानी?

हिरवी, म्हटलं. टीव्हीतली. चार हातांची. तूच म्हणाली नव्हतीस का, झोपतानासुद्धा दात काढतात. ती म्हणाली, मला वाटलं तू तुझ्या सासऱ्याचं सांगालीस. टीव्हीत तिला हिरवा-पिवळा ठिपका हलताना दिसतो, बाकी काही नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. घरात बोलली नाही, बोललं की ऑपरेशनला नेतील. मग दर रविवारी येऊन टक लावून काय बघतेस, असं विचारलं. म्हणाली, बघतोय कोण. तू शेंगा फोडतीस, मागं तोंड करून त्या टीव्हीला शिव्या घालतीस. ऐकाय बरं वाटतं.

मी उठून डबा आणला. वड्या दगड झाल्या होत्या. तिने कवळी काढली, ग्लासात टाकली, आणि वडी तोंडात धरून चोखत बसली. मचमच आवाज करत. किळसवाणं. ग्लास मी तिथेच राहू दिला.

मग म्हणाली, सांग तर, काय झालं तुझ्या त्या नानीचं? पहिल्यापासून सांगितलं. पान्हा, बीळ, पलंग, अय्यांचं जेवण वगळून सगळं. मला एवढं माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं. सुष्मिता म्हणते मी ढेकरसुद्धा काढून दाखवला. तो खरा आला होता.

संकल्प: येत्या रविवारी शेंगा दुपारीच फोडून घ्यायच्या. माझा पाट टीव्हीकडे तोंड करून मांडायचा. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, आणि दिसत नाही त्या बाईला चुकीचं सांगणं बरं नव्हे. मला स्वतःला त्या कार्टूनची शिसारी आहे. हे सुष्मिता, जरा मोठ्या अक्षरात लिही.