पिशवीवाल्या प्राण्याच्या मिशा

तीर्थस्वरूप पुंजामामांच्या चरणी इंदिरानगरहून अमोलचा साष्टांग दंडवत.

गुडघा कसा आहे? चाळीत साठवलेला कांदा टिकला ना? मिशा ठीक? (सहज विचारलं.)

नोकरी सोडून मी चित्रं काढायला लागलो, तेव्हा भाचा कामातून गेला असं तुम्ही अख्ख्या नामपूरला सांगितलंत. तर मामा, पहिलं काम मिळालं! एका प्रकाशकाला मुलांच्या पुस्तकासाठी काल्पनिक प्राणी हवाय. पसंत पडला तर पुढची पुस्तकंही माझी, नाही तर मी परत द्वारका चौकातल्या जुन्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात (आणि तुमचं म्हणणं खरं). प्राणी बेतायचा कशावर, तर हजारो वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातून नामशेष झालेल्या डायप्रोटोडॉनवर. अंगानं गेंड्याएवढा, खाणं गवतपाला, पोटाला पिल्लाची पिशवी. अट एकच, पोरं आधी घाबरली पाहिजेत आणि मग त्याच्या कुशीत शिरावंसं वाटलं पाहिजे.

आठवडाभर कागद फाडले. सायली (तुम्हीच शोधून दिलेली, त्यामुळे तक्रार तुमच्याकडेच) पहिल्या चित्राला म्हैस म्हणाली, दुसऱ्याला सोफा. शेवटी वैतागून आमच्या लग्नाचा अल्बम चाळत बसलो, तर तुम्ही दिसलात. पंगत उठल्यावर मांडवाच्या खांबाला टेकलेले, तोंड उघडं, मिशा ताठ आणि पोटावर कुणाची तरी दोन पोरं गाढ झोपलेली. मामा, हात आपोआप चालला. खरं सांगू, वडील गेले त्या वर्षी मीही त्याच पोटावर झोपायचो. म्हणूनच जमलं.

प्रकाशक खूश. फक्त म्हणाला, पिशवी मादीलाच असते, तेव्हा एक तर पिशवी जाऊ द्या, नाही तर मिशा. पिशवीत अख्खी गोष्ट घडते हो! म्हणून मिशा उतरवायला परवानगी द्यावी (चित्रातल्या). तुमच्या खऱ्या मिशा हलल्याशिवाय कांद्याच्या लिलावात पुढची बोली होत नाही, हे मी जाणतो.

तुमचा (बहुतेक वेळा) आज्ञाधारक भाचा,
अमोल

ता. क. : उत्तराची घाई नाही. बिनमिशांचं चित्र कालच पाठवलं, पसंतही पडलं.

आणखी ता. क. : तेच चित्र मामींना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "हाऊ तं आमना घरनाच शे!" म्हणत त्यांनी तुम्हाला लगेच ओळखलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. तुम्ही बिनमिशांचे इतके देखणे दिसाल हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. गोरक्ष न्हाव्याला त्यांनी रविवारी घरीच बोलावलंय. तेव्हा शनिवारीच निघून आमच्याकडे या. मिशांसकट.