डाव्या टाचेची उंची

मी, पुतळाबाई चांगदेव साळवी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. काही जणांना हे गैरसोयीचे वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

माझा मुलगा प्रफुल्ल याने मागच्या महिन्यात पाहुण्यांसमोर "आईचं डोकं फिरलंय, या वयात लोखंड उचलते" असे उद्गार काढले. हेच वाक्य पुढे कोर्टात ऐकू येऊ नये म्हणून डॉ. दीपेश वर्तक यांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला वार, तारीख आणि मुख्यमंत्र्यांचे नाव विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. तारखेच्या बाबतीत त्यांनी आधी स्वतःचा मोबाईल पाहिला.

कलम १. माझे यजमान चांगदेव हे आठ वर्षांपूर्वी वारले. पंचक्रोशी त्यांना वस्ताद म्हणत असे. प्रफुल्ल हा आमचा एकुलता एक. तो नवी मुंबईत कंपनीत आहे, उलव्याला राहतो आणि शनिवारी येतो. सून भक्ती रेवदंड्याच्या पतपेढीत नोकरी करते, म्हणून ती व नातवंडे माझ्याजवळ असतात. शनिवारी येणाऱ्या माणसाला घरातल्या सगळ्या गोष्टी चुकीच्या दिसतात, हे मी आई म्हणून समजून घेतले आहे.

कलम २. राहते घर, त्यामागची सुपारीची वाडी आणि वाडीच्या कडेला असलेली व्यायामशाळेची खोली ही सर्व मिळकत मी माझ्या पगारातून घेतलेली आहे. आगरदांड्याला बदली झाली तेव्हाही पगार याच जमिनीत जात होता. खोलीवर 'चांगदेव व्यायाम मंदिर' अशी पाटी आहे. पाटीवर माझे नाव नाही, सातबाऱ्यावर आहे. मी सातबाऱ्यावर समाधानी आहे.

कलम ३. घर व वाडी प्रफुल्लची. दागिने नातीचे. बँकेतली ठेव दोन्ही नातवंडांना सारखी. यात वाद घालण्यासारखे काही नाही, पण नातेवाईक प्रयत्न करतील.

कलम ४. आता व्यायामाच्या साहित्याबद्दल, कारण खरी भांडणे तिथेच आहेत.

लोखंडी बार आणि प्लेटा ज्याची खोली त्याच्या. बारला दर आठवड्याला खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. व्यायाम मंडळाचे अध्यक्ष कोंडाजी यांचे मत वेगळे आहे. "बायांनी हात लावला का लोखंड सडतंय, बाई," असे ते मला माझ्याच दारात उभे राहून सांगत आले. आमच्याकडे लोखंड खाऱ्या वाऱ्याने गंजते, आणि वाऱ्याला कोंडाजींनी कधी बंदी घातल्याचे मला आठवत नाही.

कमरेचा पट्टा पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्यापासून केलेला आहे. तो भक्तीला द्यावा. पट्टा आवळला की पाठ आपोआप सांभाळली जाते असा मुलांचा समज असतो. तसे नाही. श्वास पोटात भरून पोटाने पट्ट्याला ढकलायचे असते, आणि ढकलायला जागा राहील इतकाच तो आवळायचा. जो पट्टा बांधून श्वास घेता येत नाही तो फोटो काढण्यापुरता बरा.

गुडघ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या माझ्या जुन्या सुती साडीच्या आहेत. त्या कोणालाही द्याव्यात, धुऊन.

कलम ५. वस्तादांचे जोडे. हे व्यायाम मंडळाला द्यावेत, त्यांना ते काचेच्या पेटीत ठेवायचे आहेत. मात्र पेटीखाली पुढील मजकूर लिहावा ही अट.

चांगदेव तरुणपणी सुपारी काढताना एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेताना पडले. डावा घोटा मोडला आणि बसला तो वाकडाच. पुढे वजन उचलायला लागले तेव्हा खाली बसताना डावी टाच उचलली जायची. म्हणून त्यांनी रेवदंड्याला होड्यांचे काम करणाऱ्या बुधाजी सुताराकडून कॅनव्हासच्या बुटांना सागाच्या टाचा ठोकून घेतल्या. उजवी नेहमीसारखी, डावी अर्धा बोट उंच. त्याच जोड्यांत त्यांनी जिल्ह्याचे पदक आणले. अक्कल होती माणसाला, ते मी नाकारत नाही.

पदक आल्यावर सगळी पोरे बुधाजीकडे धावली, वस्तादांसारखेच जोडे हवेत म्हणून. बुधाजीने हुबेहूब तसेच केले. मी त्याला नंतर विचारले, तर म्हणाला, "वस्तादांचा जोडा हाय तसाच बनवला, बाई. इचारायचं माझं काम न्हाय." अशा रीतीने ज्यांचे दोन्ही घोटे धडधाकट होते अशा तरुणांच्या दोन पिढ्या आमच्या खोलीत उजवीकडे कलून बैठका मारू लागल्या. एका स्पर्धेत पंचांना वाटले की वजन उचलायचा ओटाच तिरका आहे. त्यांनी पाणसळ लावून पाहिली. ओटा सरळ होता.

मी यजमानांना म्हटले, "अहो, पाय तुमचा मोडला होता, त्यांचा नाही." ते म्हणाले, "तालमीतलं तुला काय कळतंय?" मी भाताच्या लावणीत वाढलेली मुलगी. चिखलात टाचा रोवून दिवसभर उकिडवी बसत, उठत आले होते. पण मला खोलीत यायची बंदी होती, त्यामुळे मला कळत नव्हते हे उघडच आहे.

मंडळाचे सभासद आज कमरेवर शेक घेतात आणि दमट हवेला दोष देतात.

कलम ६. प्रफुल्लने मला साठीला भेट दिलेले, गुलाबी रंगाचे, जाड मऊ तळव्याचे धावण्याचे बूट. बूट महाग आहेत आणि चालायला छान आहेत. पण ते घालून खांद्यावर वजन घेतले की गादीवर उभे राहिल्यासारखे होते. पाय कुठे टेकला आहे तेच समजत नाही. बैठकीला एक तर अनवाणी पाय, नाहीतर शाळेत कवायतीला असतात तसले पातळ, सपाट तळव्याचे बूट, आणि घोटा वाकत नसेल तर टणक टाचेचा जोडा. दुकानदाराच्या सांगण्यावरून नव्हे, उकिडवे बसून आपली टाच उचलली जाते का ते पाहून जोडा निवडावा. माझी टाच अजून जमिनीला धरून आहे, म्हणून मी सपाट बूट घालते. हे गुलाबी बूट कोंडाजींच्या पत्नीस द्यावेत. त्या रोज सकाळी किनाऱ्यावर लांबवर चालायला जातात, आणि का जातात ते मी समजू शकते.

कलम ७. प्रफुल्लसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कायद्याच्या भाषेत मला लिहिता येत नाही.

तो सोळा वर्षांचा असताना त्यालाही तोच जोडा घालायला लावला होता. तालुक्याच्या स्पर्धेचे गावातले सामने आमच्याच खोलीत होते. तो खाली बसला, कंबर एका बाजूला गेली, आणि त्याला उठता आले नाही. बार पुढे पडला. वडिलांनी सगळ्यांसमोर म्हटले, "हा माझा पोरगा नाय." मी धावत गेले तर कोंडाजीने दारात हात आडवा केला, बायांना आत बंदी म्हणून. माझे मूल आत जमिनीवर आणि मी उंबऱ्याबाहेर. हे मी विसरलेले नाही, व मेल्यानंतरही विसरण्याचा माझा इरादा नाही.

प्रफुल्लने त्यानंतर त्या खोलीत पाऊल टाकले नाही. आता त्याला ती पाडून पर्यटकांसाठी एसीच्या दोन खोल्या बांधायच्या आहेत. तो म्हणतो, धंदा चालेल. चालेलही. पण धंदा करायला वाडीत दुसरी जागा पडून आहे, आणि ती त्याला कधीच दिसलेली नाही.

बाळा, तुझी चप्पल वर्तमानपत्रावर ठेवून मी माप काढले आणि बुधाजीकडून एक जोड करून घेतला आहे. कपाटात खालच्या फळीवर आहे. दोन्ही टाचा सारख्या आहेत, मी पाणसळ लावून घेतली. घाल किंवा घालू नकोस. तू चुकला नव्हतास एवढेच मला सांगायचे होते.

कलम ८. व्यायामशाळेची खोली, आतल्या साहित्यासह, मी माझी सून भक्ती हिला माझ्या पश्चात पूर्ण मालकीने देत आहे.

कारण असे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिची पाठ इतकी गेली होती की तिला मूल उचलून घेता येत नव्हते. ती मूल रडत असताना शेजारी बसून रडायची. डॉक्टर म्हणत वाकू नका, प्रफुल्ल म्हणे आराम कर. यजमान गेल्यावर खोलीची किल्ली माझ्याकडे आली होती आणि मी स्वतः बार उचलू लागले होते. मी तिला खोलीत नेले आणि सुपारी सोलायला बसतो तसे बस म्हटले. ती डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये खुर्चीवर वाढलेली, टाचा लगेच वर आल्या. तिला टाचेचा जोडा लागला, दोन्हीकडे एकाच उंचीचा. आधी नुसती काठी खांद्यावर, मग बार, मग प्लेटा. आज ती मूल एका हाताने आणि गॅसची टाकी दुसऱ्या हाताने हलवते. येत्या हिवाळ्यात तिला राज्याच्या स्पर्धेत उतरायचे आहे. खोली पाडली तर तिला बार ठेवायला गावात दुसरी जागा नाही, आणि मंडळ तिला उभे करणार नाही.

कलम ९. कोंडाजींना खडूच्या भुकटीचे एक पाकीट द्यावे. एका स्पर्धेत हाताला लावायची भुकटी संपली तेव्हा त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना तळव्यांना चोळला होता. कातडी सोलून निघाली. ते लोकांना आजही सांगतात की वजनच तसे होते.

कलम १०. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने व्हावेत. जलदान विधीच्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्च्या आणू नयेत. लोकांना खाली चटईवर बसवावे. ज्यांना उठता येणार नाही त्यांना भक्ती उठवील.

पुरवणी, सही करण्यापूर्वी. वकील मृणाल राऊत ही माझी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाई, मृत्युपत्र वाचून दाखवायचं नसतं." पण जन्मभर वर्गात मोठ्याने वाचण्याची सवय. मी तिच्यादेखत ओटीवर प्रफुल्ल आणि भक्ती यांना बसवून सगळे वाचले. सातव्या कलमाला प्रफुल्ल उठून वाडीत गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. डोळे पुसलेले दिसत होते.

आठवे कलम ऐकून भक्ती म्हणाली, "आई, ही खोली मला नको."

मला वाटले, नवऱ्याला घाबरली. पण ती म्हणाली, "रोज मी खाली बसते तेव्हा तुम्ही माझ्या मागे, बार सुटला तर सावरायला हात पुढे धरून उभ्या असता. हा कागद झाला की रोज माझ्या मनात येणार, या गेल्या की खोली माझी. असं मला तुमच्यासमोर उभं नाही राहता येणार. द्यायची तर आत्ता द्या. नाहीतर खोडून टाका."

मला रडू आले. मृणालने पाणी दिले. मग मी पेन घेतला आणि आठवे कलम खोडले.

प्रफुल्लने विचारले, "कलम खोडलं म्हणजे खोली माझ्याकडे येणार?"

मृणाल म्हणाली, "नाही दादा. उद्या अलिबागला बक्षीसपत्र नोंदवायचं. उद्याच वहिनींची होणार."

तो सुपारीच्या झाडांकडे वळला. म्हणाला, "मग रिक्षा नको. मी रजा टाकतो, गाडीने नेतो. आईला रिक्षात धक्के बसतात."

मी खांद्यावर किती वजन घेते ते त्याला माहीत आहे. तरीही मी गाडीने जाणार आहे.

मृणालच्या सल्ल्यावरून नमूद करते की बक्षीसपत्र नोंदले जाईपर्यंत खोडलेले आठवे कलम जिवंत धरावे, आणि नोंदणीचा शिक्का पडताच मेले असे समजावे. ते माझ्याआधी जाईल याचे मला मोठे समाधान आहे. उरलेल्या कलमांना घाई नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व समजून सही केली.

सही: पुतळाबाई चांगदेव साळवी

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. डॉ. दीपेश वर्तक, राहणार रेवदंडा
२. शिवानी नाईक, शेजारी, राहणार चौल

ठिकाण: चौल, घराची ओटी
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार