गीझरवाला अकराला येईल

चिमणे,

तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी दारालाच चिकटवतोय. खिडक्या मी सताड उघडल्यात, त्या लावू नकोस. अंघोळ शेजारच्या काकूंकडे कर.

गीझरवाला अकराला येईल. गॅसचा कॉक बंद आहे, तो त्यालाच उघडू दे. तो झाकण काढेल, हवा तपासेल आणि खूप प्रश्न विचारेल. ज्योत पिवळी दिसायची, हे सांग. आपण तिघंही पंधरा दिवस डोकं धरून बसायचो आणि मी चष्म्याच्या नंबरावर खापर फोडत होतो, हेही सांग.

मग तो धुराच्या पाइपातून एक बोळा काढेल. वाऱ्यानं ज्योत विझते म्हणून आई कधीची मेकॅनिकला बोलवा म्हणत होती. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला माणूस कशाला? वारा पाइपातून येतो, तर पाइपच बुजवला. माझंच जुनं बनियन आहे ते. कोणी कोंबलं असं त्यानं विचारलं, तर सरळ माझं नाव सांग.

आई सकाळी बाथरूममध्ये पडली. कडी तोडावी लागली, ते बघून घाबरू नकोस. डॉक्टरांनी पहिला प्रश्न गीझरचाच विचारला. मी फक्त तिची फाइल न्यायला आलोय.

बोळा फेकू नकोस, पिशवीत घालून हॉस्पिटलमध्ये घेऊन ये. आई शुद्धीवर आली की तिला मीच सगळं सांगणार आहे. ऐनवेळी मी शब्द फिरवला, तर तू तो बोळा पुढे कर.

बाबा