प्रोजेक्टर, केरबा आणि पांढरी भिंत

७ मार्च १९८३, लातूर
प्रोजेक्टर आला. नवा जिल्हा झाला म्हणून विद्यापीठाने आमच्या कलावर्गाला पाठवला. सोबत ऐंशी स्लाइड आणि एक इंग्रजी पुस्तिका. ती वाचायची गरज नाही. माझं एम.ए. हैदराबादचं आहे.

केरबाचा खेळ आता संपला. केरबा म्हणजे वर्गावरचा दुसरा मास्तर, कंधारचा. फळ्यावर खडूने चित्रं काढतो आणि पोरं तोंड उघडं टाकून बघतात. जानेवारीत त्याने व्याख्यान देणारा मी आणि समोर झोपलेली बत्तीस पोरं काढली. माझं नाक लगेच ओळखू आलं. प्राचार्यसुद्धा हसले. मी सूड धरणारा माणूस नाही. फक्त त्या दिवसापासून त्याचा चहा घेत नाही.

९ मार्च
प्राचार्यांनी सांगितलं, विभागप्रमुखाची जागा मंजूर झालीय, पण एकच. २८ एप्रिलला विद्यापीठाची कमिटी दोघांचे तास बघून तिथंच ठरवणार. पाच वर्षं टेंपररीत गेली माझी. आता ही जागा गेली तर आयुष्यभर तसाच.
बायकोला, म्हणजे शिवकांताला सांगितलं की प्रमुख झालो की केरबाला स्लाइडवरची धूळ पुसायला लावणार. ती म्हणाली, आधी घागर रांगेत लावून या, टँकर यायलाय.

१५ मार्च
तालीम. स्लाइड व्यवस्थित घातली, डोकं वर, पाय खाली. वेरूळचा हत्ती छतावरून चालत होता. दुसरी घातली. तीही उलटी. मशीन रात्रभर केरबाच्या कपाटाशेजारी होती, हे मग लक्षात आलं. त्याला विचारलं तर म्हणे, मला त्यातलं काय कळत न्हाई सर, मी हातबी लावला न्हाई. काही केलं नसेल तर इतका साळसूद चेहरा कुणी करत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या नावाने नोंद केली.

१६ मार्च
उपाय सापडला. चित्र उलटं पडतं, तर मशीनच उलटी करायची. शिपाई मारोतीने ती दोन विटांवर पालथी टेकवली. हत्ती पायांवर आला. चार मिनिटं उभा होता. मग धूर निघाला आणि बल्ब गेला. केरबाच्या नावावर दुसरी नोंद.

३० मार्च
बल्ब हैदराबादहून यायचाय. पडद्याला मंजुरी नाही. आज सकाळी दाढी करताना सुचलं. भिंतीतल्या काळ्या फळ्यालाच पांढरा रंग द्यायचा. पडद्याची सोय होईल आणि केरबाला खडू टेकवायला बोटभर जागा राहणार नाही. प्राचार्यांनी 'आधुनिकीकरण' म्हणून सही केली. सही घेताना मी गंभीर होतो. घरी येऊन एकटाच हसलो. शिवकांताने विचारलं, ताप बिप हाय का.

६ एप्रिल
चुन्याला चार बादल्या पाणी लागलं. टँकर दोन दिवसांआड. वर्गाच्या रांजणातलं घेतलं. पंचशीला नावाची हुशार मुलगी आहे, ती म्हणाली, सर, आम्हाला प्यायला न्हाई अन् भिंतीला हाय. हिचीही नोंद.
भिंत लख्ख झाली. केरबा आला, तिच्यावरून हात फिरवत बराच वेळ उभा राहिला. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

२७ एप्रिल
बल्ब आला. हत्ती अजून छतावरच. मशीन पालथी घालायची हिंमत नाही. कमिटीला सांगायचं ठरवलं, की परदेशात चित्र आधी उलटंच दाखवतात. मारोतीने खिडक्यांना डांबरी कागद ठोकला. केरबाने उद्यासाठी म्हणे फक्त कोळसा मागितलाय. स्वयंपाक करणार असेल.

२८ एप्रिल, दुपारी ४
लिहावंसं वाटत नाही.
साडेअकराला सुरू केलं. तीन सदस्य, बत्तीस विद्यार्थी, बंद खिडक्या, बेचाळीस डिग्री. हत्ती आला. अध्यक्षांनी मान वाकडी केली. चारच मिनिटांत लाइट गेली. मी काळोखात तोंडीच वर्णन चालू ठेवलं. कुणीतरी घोरायला लागलं. आवाज अध्यक्षांच्या बाजूने येत होता.
केरबाने उठून डांबरी कागद फाडला. उजेड आला, वारं आलं. त्याने खिशातून कोळसा काढला आणि माझ्या भिंतीवर, माझ्या चार बादल्यांच्या भिंतीवर, टँकरची रांग काढली. घागरी, झिंज्या धरून भांडणाऱ्या बायका, एक वाकलेली म्हातारी. वीस मिनिटं कुणाला पंखाही आठवला नाही. पंचशीला तर रांगेत स्वतःला शोधत होती.
अध्यक्ष म्हणाले, पांढऱ्या भिंतीची कल्पना फार छान. केरबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ती मन्मथ सरांची हाय, काळ्यावर मला ही सावली कधी जमली न्हाई. मनापासून म्हणाला. ते जास्त झोंबलं.

२० मे
केरबा विभागप्रमुख. मी 'दृकश्राव्य प्रभारी', टेंपररीच. त्याच्या भिंतीवरच्या चित्राच्या बारा स्लाइड तयार झाल्यात. त्या गावोगावच्या कॉलेजांत मी दाखवायच्या. मशीन दुरुस्तीला जाऊन आलीय, म्हणजे आता स्लाइड घालू तसंच चित्र पडणार. पहिलं गाव कंधार.
केरबाने चहा मागवला. मी घेतला नाही. ठरलं. त्याच्याच गावात, त्याच्याच माणसांसमोर त्याची रांग डोकं खाली, पाय वर घालणार. मुद्दाम.

४ जून, कंधार
हॉल गच्च. पुढच्या रांगेत केरबाची आई, भामाबाई. स्लाइड उलटी घातली. बटण दाबलं.
चित्र सरळ आलं.
घागरी डोक्यावर, पाय जमिनीवर, म्हातारी भामाबाईसारखी. टाळ्या. घाबरून दुसरी उलटी घातली. तीही सरळ. बाराच्या बारा सरळ आल्या.
नंतर कोपऱ्यात बसून पुस्तिका उघडली. पान तीन, मोठ्या अक्षरांत: स्लाइड उलटी घालावी. मार्चपासून ती त्याच खोक्यात होती.
भामाबाई चहा घेऊन आली. पाण्याची ओढ म्हणून सगळ्यांना अर्धा कप, मला पूर्ण. म्हणाली, केरबा सांगत व्हता, ते सर हायेत म्हणून माझं चित्र गावाला दिसायलंय.
चहा घेतला. वहीचं शेवटचं पान फाडून खिशात ठेवलं. मग विचारलं, अजून थोडा असेल तर.