नदीच्या वळणावरची भिंत

आये, ओळखलंस का मला? की तिथेही तुझं तेच, चूल पेटवून ठेवायची आणि भात टाकायला विसरायचं? मी तुझी थोरली. अजून आहे, दातांचं तेवढं विचारू नकोस. अक्षर नातीचं, तोंड माझं. पाठवायचं कुठे म्हणून ती मघापासून हसतेय. म्हटलं, तू लिही गं.

आपल्या कांदिवलीच्या नदीला आता सगळे नाला म्हणतात. मला मात्र तू अजून वळणावर दिसतेस, गुडघाभर पाण्यात गोधडी आपटताना. मी पलीकडच्या काठाला गेले की ओरडतेस, "थंय नको गो चेडवा! पाणी थंय खाता नि हंय थुकता." खरंच, पलीकडची माती पाणी कापून न्यायचं, उंबराची मुळं उघडी पडायची, त्या उभ्या मातीत खंड्या बीळ करायचा. आपल्या बाजूला वाळू टाकायचं, तिच्यावर लव्हाळं माजायचं. पूर आला की या वाळूवर चढायचा, लव्हाळ्यात पसरून दमायचा, म्हणून पलीकडे धक्का कमी बसायचा.

त्याच वाळूवर आमची बिल्डिंग आहे. दर पावसात तळमजल्यावर पाणी, माझं अंथरूण ओलं. उन्हाळ्यात मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाला, "आजी, तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या. काठाला भिंत घालायची ना?" तुझं ओरडणं कानात होतं गं. इथे पसरू दिलं नाही तर पाणी कुणाच्या अंगावर जाईल, हे तिथे मला एकटीला ठाऊक होतं. मी हात वर केला. वर मीच म्हणाले, "घाला की, झकास घाला." सगळे हसले.

परवा पूर आला. आमची लादी कोरडी, आणि पलीकडच्या चाळीची मागची बाजू नदीत. तू मांडीवर घेऊन जिला पेज भरवायचीस, ती माझी मैत्रीण तिथेच राहते. माणसं वाचली, पण तिचं स्वयंपाकघर गेलं. सकाळी माझ्या खिडकीखाली येऊन हाक मारत होती, "बाय गो, तुमच्यात पाणी नाय मा शिरला?" मी पडद्यामागे उभी. ओ दिली नाही, आये.

पुरे गं, ठेव ते पेन. हे काही कुठे जायचं नाही. तू ऊठ आणि तिच्याकडे डबा ने. तांदळाच्या भाकऱ्या घे, सुक्या जवळ्याची चटणी घे. आमटी नको, ओतून घ्यायला तिच्याकडे भांडं नाही. आणि कोणी पाठवलं विचारलं तर तुझ्या आईचं नाव सांग, माझं नको.